जुने रिव्हॉल्व्हर देऊन नवे पिस्तूल घ्यावे का?

वाचकांचे प्रश्न : शस्त्र आणि परवाना

प्रश्न : मी निफाड तालुक्यातील द्राक्ष बागायतदार आहे. वय ६२ वर्षे. परवाना मिळाल्यावर १९९८ साली मी कानपूरच्या आयुधनिर्माणीत तयार झालेले .३२ बोअरचे (बोअर म्हणजे नळीच्या आतील व्यासाचे माप) रिव्हॉल्व्हर नवे घेतले. त्या काळी द्राक्षांचे आणि कांद्याचे पैसे रोखीत मिळत आणि पिंपळगावहून किंवा लासलगावहून रात्री-अपरात्री परतावे लागे, हे ते घेण्यामागचे कारण होते. सुदैवाने ते कोणावर रोखण्याची वेळ आजवर आली नाही. सुरुवातीला थोडा सराव केला, नंतर तोही सुटला. अलीकडे काडतुसांची फिरती चक्री किंचित हलते असे जाणवते आणि उजवा अंगठा आखडत असल्यामुळे घोडा (मागचा हातोडीसारखा भाग) मागे ओढताना त्रास होतो. माझा मुलगा (वय ३४) म्हणतो की हे विकून नवे पिस्तूल घ्यावे, कारण त्यात गोळ्या जास्त बसतात आणि ते चपटे असल्याने बाळगायला सोपे पडते. एका विक्रेत्याने जुने रिव्हॉल्व्हर घेण्याची तयारी दाखवली आहे, परंतु त्याने सांगितलेली रक्कम फारच कमी वाटते. वस्तीजवळच्या उसात बिबट्याही फिरतो. परवान्याचे नूतनीकरण जवळ आले आहे. नूतनीकरणापूर्वीच हा बदल करून टाकावा का?
— एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : आपण दिलेल्या माहितीवरून माझे मत असे आहे की विक्रेत्याला इतक्यात होकार देऊ नये. नूतनीकरण आहे त्याच शस्त्रावर करून घ्यावे, रिव्हॉल्व्हर परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्यावे आणि चक्रीचा दोष दुरुस्त होण्यासारखा असेल तर ते आपल्याकडेच ठेवावे. पिस्तूल वाईट असते असे मी म्हणत नाही. आपले वय, आपला हात, आपला सराव आणि आपली गरज यांना ते सोयीचे पडेल असे मात्र मला वाटत नाही, आणि त्याची कारणे थोडी सविस्तर सांगणे आवश्यक आहे.

पहिले कारण कायद्यातले आहे आणि ते बहुतेक परवानाधारकांना ठाऊक नसते. शस्त्र नियम, २०१६ मधील नियम २५ नुसार परवानाधारकाच्या हयातीतच त्याचे शस्त्र त्याने सुचवलेल्या कायदेशीर वारसाच्या नावे करता येते. त्यासाठी परवानाधारकाचे वय ७० पूर्ण झालेले असावे लागते किंवा ते शस्त्र त्याच्याकडे २५ वर्षे असावे लागते, आणि यांपैकी जे आधी घडेल ते धरले जाते. आपण १९९८ साली घेतलेल्या रिव्हॉल्व्हरला २५ वर्षे होऊन गेली आहेत. म्हणजे आपल्या चिरंजीवांना शस्त्राची खरोखरच गरज असेल तर त्यांचे नाव सुचवून अर्ज करण्याचा मार्ग आपल्याला आजच मोकळा आहे. परवाना देणे न देणे हे प्राधिकाऱ्याच्या हाती राहते, चिरंजीवांनी पात्रतेच्या सर्व अटी पूर्ण कराव्या लागतात आणि पोलिसांचा अहवाल अनुकूल यावा लागतो, हे खरे. पण रिव्हॉल्व्हर विकून पिस्तूल घेतले की नव्या शस्त्राची वर्षे पहिल्यापासून मोजली जातील, आणि मग आपल्या सत्तराव्या वर्षाची वाट पाहण्यावाचून उपाय राहणार नाही. मुलाच्या हौसेसाठी केलेला बदल मुलाचीच वाट आठ वर्षे अडवून ठेवील, ही बाब आपण दोघांनी एकत्र बसून लक्षात घ्यावी.

आता शस्त्राच्या प्रकृतीकडे वळू. चक्री किंचित हलते, एवढ्यावरून ते निकामी झाले असे ठरत नाही. प्रत्येक रिव्हॉल्व्हरच्या चक्रीला थोडी मोकळीक असतेच. हलण्याची दिशा कोणती आणि घोडा पूर्ण मागे गेल्यावर चक्री जागच्या जागी पक्की बसते की नाही, हे पाहावे लागते. त्यासाठी सर्व काडतुसे काढून दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवावीत, चक्रीतली काडतुसांची सहाही घरे डोळ्यांनी आणि बोटाने रिकामी असल्याची खात्री करावी, नळी सुरक्षित दिशेला ठेवावी आणि घोडा अगदी सावकाश मागे न्यावा. घोडा शेवटच्या खाचेत बसण्यापूर्वी किंवा बसता बसता चक्री अडकली पाहिजे. घोडा पूर्ण मागे गेल्यावरही चक्री बोटाने पुढे ढकलून मग अडकत असेल, तर घर आणि नळी एका रेषेत येत नाहीत असे समजावे. ही परीक्षा एका घरावर न थांबवता सहाही घरांवर करावी, कारण झीज सगळीकडे सारखी नसते.

रेष चुकलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी नळीत शिरताना एका कडेला घासते, शिशाचे बारीक कण चक्री आणि नळी यांच्यामधल्या फटीतून बाजूला उडतात आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्याला इजा होऊ शकते. सरावाच्या वेळची रिकामी पितळी टोपणे आपण जपून ठेवली असतील तर त्यांची बुडे भिंगाखाली पाहावीत. आघाताची खूण बुडाच्या मधोमध असेल तर ते चांगले लक्षण आहे आणि ती सातत्याने एका कडेला पडलेली असेल तर कारागिराला ती अवश्य दाखवावी. आपल्या नमुन्याचे रिव्हॉल्व्हर वेब्ली धाटणीचे, म्हणजे बिजागरीवर मोडून उघडणारे आहे. त्यामुळे नळी बंद केल्यावर वरच्या कडीत खुळखुळ आहे का हेही पाहावे. बिजागरी आणि कडी या दोन जागी आलेली ढिलाई मला चक्रीच्या हलण्यापेक्षा अधिक काळजीची वाटते, कारण गोळी सुटतानाचा सगळा ताण तिथेच येतो.

दुरुस्तीबाबत एक गोष्ट निक्षून सांगतो. नाशिकच्या सातपूर आणि अंबड या औद्योगिक वसाहतींत लेथवर हजारो प्रकारचे सुटे भाग घडवणारे कुशल कारागीर आहेत, आणि एखादी पिन किंवा स्प्रिंग तासाभरात करून देणारा ओळखीचा माणूस बहुतेक घरांत असतो. तरीही शस्त्राचा कोणताही भाग तिकडे नेऊ नये. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्रदुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो. त्या कारागिराचा हेतू कितीही चांगला असला तरी त्याच्यावर आणि आपल्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो. शिवाय चुकीच्या पोलादाचा किंवा पाणी देऊन नीट कडक न केलेला भाग दहा वेळा नीट चालतो आणि अकराव्या वेळी तुटतो.

अंगठ्याच्या दुखण्याचा विचार मी सर्वांत जास्त केला, कारण पिस्तुलाने ते दुखणे कमी होईल असा आपल्या चिरंजीवांचा समज दिसतो. प्रत्यक्षात उलट होण्याचा संभव आहे. रिव्हॉल्व्हरचा घोडा अंगठ्याने मागे ओढण्याची सक्ती नसते. नुसता चाप ओढला तरी घोडा मागे जातो, चक्री फिरते आणि गोळी सुटते. हा ओढ लांब आणि जड असतो, त्याला सरावाने वळण लावावे लागते, पण त्यात अंगठ्याला काम नसते. नळीची कडी उघडायला अंगठा लागतो, ते काम डाव्या हाताने करता येते. पिस्तुलाचे तसे नाही. मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, भरताना प्रत्येक काडतूस स्प्रिंगच्या विरोधात अंगठ्याने दाबून बसवावे लागते, आणि पहिली गोळी नळीत घेण्यासाठी वरची स्लाइड, म्हणजे नळीवरचे सरकते आवरण, मुठीत घट्ट धरून मागे खेचावी लागते. .३२ बोअरची बहुतेक पिस्तुले अशा रचनेची असतात की स्लाइडचे वजन आणि स्प्रिंगचा जोर एवढ्यावरच धक्का रोखला जातो. त्यामुळे गोळी लहान असूनही स्प्रिंग चांगलीच ताठ असते. संधिवाताचा हात पावसाळ्याच्या दमट सकाळी ती स्लाइड अर्धीच खेचतो, काडतूस वाकडे शिरते आणि पिस्तूल अडते. निर्णय घेण्यापूर्वी विक्रेत्याच्या दुकानात, त्याच्या समक्ष, रिकाम्या पिस्तुलाची स्लाइड लागोपाठ दहा-पंधरा वेळा खेचून पाहावी. शेवटच्या वेळी हात जे सांगेल ते मुलाच्या आणि विक्रेत्याच्या सांगण्याहून अधिक खरे मानावे.

सरावाचा प्रश्न यालाच जोडून येतो. आपण मोकळेपणाने लिहिले आहे की कित्येक वर्षांत गोळी चालवलेली नाही. अशा धन्याकडे रिव्हॉल्व्हरच अधिक शोभते. काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढला की पुढचे घर समोर येते. पिस्तुलात तेच काम स्लाइड खेचून फुसके काडतूस बाहेर टाकण्याचे आहे आणि भांबावलेल्या माणसाला सरावाशिवाय ते सुचत नाही. (नेमबाजीच्या मैदानावर काडतूस फुसके निघाले तर मात्र नळी लक्ष्याकडेच रोखून अर्धा मिनिट थांबावे, लगेच उघडू नये. क्वचित ते उशिरा पेटते.) पिस्तुलात काही गोळ्या जास्त बसतात हे चिरंजीवांचे म्हणणे खरे आहे. पण ज्या शस्त्राच्या पहिल्या सहा गोळ्यांची गरज इतक्या वर्षांत पडली नाही, त्यात सातवी आणि आठवी बसते की नाही यावर निर्णय टेकवू नये.

गरजेविषयी थोडे स्पष्ट बोलतो. आपण ज्या कारणाने शस्त्र घेतले होते ते कारण आज बरेचसे उरलेले नाही. व्यापाऱ्याकडून रक्कम बँकेत जमा करून घेण्याचा आग्रह धरणे हे रात्रीच्या रस्त्यावर कमरेला पिस्तूल लावण्यापेक्षा कितीतरी अधिक सुरक्षित आहे. बिबट्यासाठी तर कोणतेही लहान हत्यार उपयोगाचे नाही. बिबट्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि .३२ ची गोळी लागून जखमी झालेला बिबट्या उसात शिरला तर दुसऱ्या दिवशी ऊसतोड करणाऱ्या बायामाणसांच्या जिवावर बेतते. निफाड, सिन्नर, दिंडोरी या पट्ट्यातील शेतकऱ्यांची ही काळजी मी चांगली जाणतो. वस्तीभोवती उजेड, रात्री मुले आणि जनावरे बंदिस्त जागेत, आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर वेळेत कळवणे, हाच त्यावरचा उपाय आहे. शस्त्र बदलण्याच्या विचारातून हे कारण पूर्णपणे वगळावे.

काडतुसांबाबत एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. परवान्यावर दोन्हीकडे .३२ असेच लिहिलेले असते, त्यामुळे घरात शिल्लक असलेली काडतुसे नव्या पिस्तुलात चालतील असे अनेकांना वाटते. ती चालत नाहीत. आपल्या रिव्हॉल्व्हरचे काडतूस म्हणजे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. ते १८९६ च्या सुमारास अमेरिकेत निघाले. त्याचे पितळ सुमारे २३ मिलिमीटर लांब असते आणि त्याच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. पिस्तुलाचे काडतूस अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग यांच्या रचनेचे आणि १८९९ मधले आहे. त्याचे पितळ १७ मिलिमीटरच्या आसपास असते आणि त्यातला दाब जास्त असतो. लांब काडतूस पिस्तुलात जाणारच नाही. आखूड काडतूस मात्र काही रिव्हॉल्व्हरांच्या घरात शिरते, आणि धोका इथेच आहे, कारण जुने रिव्हॉल्व्हर त्या दाबासाठी बनवलेले नसते. चिरंजीवांना हा फरक दोन्ही काडतुसे शेजारी ठेवून दाखवावा.

आपल्याकडची काडतुसे किती जुनी आहेत हे आपण लिहिलेले नाही. चामड्याच्या पट्ट्यात ठेवलेल्या काडतुसांच्या पितळावर हिरवट थर चढतो, कारण चामडे कमावताना वापरलेली द्रव्ये पितळाला खातात. असा थर आलेली, वाकलेली किंवा ज्यांची गोळी बोटाने हलते अशी काडतुसे वापरू नयेत. ती विहिरीत, गोदावरीत किंवा बांधाखाली पुरूनही टाकू नयेत. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे पावती घेऊन जमा करावीत. हाच न्याय रिव्हॉल्व्हरलाही लागू आहे. चामडी म्यान बाळगण्यासाठी असते, साठवणीसाठी नसते. जून ते सप्टेंबर या महिन्यांत म्यानात राहिलेल्या नळीवर गंजाचे ठिपके हमखास पडतात. पातळ तेलाचा हात फिरवून, कोरड्या सुती कापडात गुंडाळून कुलपात ठेवणे उत्तम.

किमतीविषयी आपली नाराजी समजण्यासारखी आहे, पण विक्रेता सर्वस्वी चुकीचा आहे असेही नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून नागरिकांसाठी परदेशी शस्त्रांची आयात जवळजवळ बंद झाली. त्यामुळे जुन्या वेब्ली अँड स्कॉट किंवा स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हरांना आजही मोठी किंमत येते, आणि ज्यांच्या घरी असे सुस्थितीतले शस्त्र असेल त्यांनी ते पिस्तुलाच्या मोहाने देऊ नये, कारण एकदा हातचे गेले की ते परत मिळणे दुरापास्त आहे. आपले रिव्हॉल्व्हर भारतीय बनावटीचे आहे, तसेच नवे आजही मिळते, म्हणून जुन्याला मागणी कमी आहे. एखाद्या परवानाधारक ग्राहकाला थेट विकले तर विक्रेत्यापेक्षा जास्त रक्कम मिळू शकते, पण त्यासाठी कायद्याची पद्धत पाळावी लागते.

ती पद्धत अशी. शस्त्र ज्याला द्यायचे त्याचे नाव आणि पत्ता देऊन जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवावे लागते आणि त्यानंतर किमान ४५ दिवस गेल्याशिवाय शस्त्र हस्तांतरित करता येत नाही. या काळात शस्त्र आपल्याच ताब्यात राहिले पाहिजे. “दुकानात ठेवून जा, कागद मागाहून करू” असे कोणी म्हटले तर तिथून उठून यावे. निफाड तालुका ग्रामीण हद्दीत येत असल्याने आपला अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयातील शस्त्र परवाना शाखेत जाईल. नाशिक शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहणाऱ्या वाचकांनी आयुक्तालयाकडे जावे. परवान्यावर शस्त्राचा प्रकार, बोअर आणि क्रमांक नोंदलेला असतो. त्यामुळे रिव्हॉल्व्हरच्या जागी पिस्तूल घेण्याची परवानगी, खरेदीची मुदत, खरेदीनंतर शस्त्र दाखवून क्रमांकाची नोंद, हे सर्व त्याच कार्यालयातून क्रमाने करून घ्यावे लागते. राष्ट्रीय शस्त्र परवाना नोंदणीतील विशिष्ट ओळख क्रमांक परवान्यावर आहे ना, हेही याच वेळी पाहून घ्यावे. नूतनीकरण आणि शस्त्रबदल हे दोन अर्ज एकाच वेळी कार्यालयात अडकले तर मधल्या काळात परवान्याची मुदत संपण्याची भीती असते, म्हणूनच मी आधी नूतनीकरण करा असे सुचवले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली आहे. तेवढा अवधी शांतपणे विचार करायला पुरेसा आहे.

कारागिराने रिव्हॉल्व्हर दुरुस्त होण्यापलीकडे गेले आहे असा निर्वाळा दिला तर मात्र ते ठेवू नये. तेव्हाही माझा कल पिस्तुलाकडे नसून नव्या रिव्हॉल्व्हरकडे राहील. कानपूरच्याच सरकारी कंपनीने २०२३ मध्ये ‘प्रबल’ नावाचे .३२ रिव्हॉल्व्हर आणले. त्याची चक्री बाजूला उघडते, बिजागरीवर मोडावे लागत नाही, आणि वजन सुमारे ७०० ग्रॅम आहे. आपली काडतुसे आणि आपल्या हाताची सवय, दोन्ही त्यात चालून जातील. सरकारी आयुधनिर्माणींचे ‘अशनी’ पिस्तूल आणि अलीकडे खासगी कारखान्यांची पिस्तुलेही .३२ मध्ये मिळतात. चित्रफितींत दिसणारी ९ मिलिमीटरची पिस्तुले सामान्य परवान्यावर मिळत नाहीत, हे चिरंजीवांना आधीच सांगावे, म्हणजे दुकानात गेल्यावर निराशा होणार नाही.

प्रश्न : मी नाशिकरोड येथे राहतो. पोलीस आयुक्तालयाच्या परवानगीने नुकतेच रिव्हॉल्व्हर विकून .३२ पिस्तूल घेतले आहे. रिव्हॉल्व्हर वीस वर्षे वापरले असल्याने वेगळे शिकण्यासारखे काही नाही असे मित्र म्हणतात. ते बरोबर आहे का?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : मित्रांचे म्हणणे मानू नका. वीस वर्षांची सवयच तुमच्या आड येण्याची शक्यता आहे. रिव्हॉल्व्हर उघडले की सहाही घरे एका नजरेत दिसतात आणि ते भरलेले आहे की रिकामे याचा संशय राहत नाही. पिस्तुलाचे मॅगझिन काढून हातात घेतले की ते रिकामे झाले असे वाटते, पण नळीत एक गोळी तशीच बसलेली असू शकते. साफसफाई करताना घरच्याच माणसाला गोळी लागल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यांच्या मागे पुष्कळदा हीच एक गोळी असते. क्रम कायम एकच ठेवावा. आधी मॅगझिन काढून बाजूला ठेवावे, मग स्लाइड पूर्ण मागे खेचून अडकवावी, नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या घरात उजेडात पाहावे, करंगळी घालून चाचपावे. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्लाइड खेचली आणि मग मॅगझिन काढले, तर बाहेर पडलेल्या गोळीच्या जागी मॅगझिनमधली दुसरी गोळी नळीत जाऊन बसते आणि माणूस मात्र निर्धास्त असतो. हा क्रम रोज काही दिवस, काडतुसे खोलीबाहेर ठेवून, हाताला वळण पडेपर्यंत करावा.

दुसरा फरक चापाचा आहे. रिव्हॉल्व्हरचा जड ओढ तुमच्या बोटाला ठाऊक आहे. अनेक पिस्तुलांत पहिली गोळी सुटल्यावर पुढचा ओढ फार हलका होतो, आणि जुन्या अंदाजाने बोट चापावर टेकवले तर दुसरी गोळी नको असताना सुटते. निशाण घेतल्याशिवाय बोट चापाच्या कड्यात जाऊच नये. नळीत गोळी ठेवून पिस्तूल बाळगावे का, असे पुष्कळ जण विचारतात. मान्यताप्राप्त नेमबाजी मैदानावर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली पुरेसा सराव होईपर्यंत नळी रिकामीच ठेवावी, असे माझे ठाम मत आहे. घरात मुले असतील तर पिस्तूल आणि भरलेले मॅगझिन एका कपाटात ठेवू नये.

लग्नसराई जवळ आली की आणखी एका गोष्टीची आठवण करून द्यावीशी वाटते. वरातीत हवेत गोळी झाडणे हा २०१९ च्या दुरुस्तीनंतर स्वतंत्र गुन्हा आहे. बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे गोळी झाडून इतरांच्या सुरक्षिततेला धोका निर्माण केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. वर गेलेली गोळी कोणाच्या तरी अंगणात खाली येते. नवे पिस्तूल नातेवाइकांना दाखवण्यासाठी मांडवात नेऊच नका.

प्रश्न : माझ्या पतींचे दोन महिन्यांपूर्वी निधन झाले. त्यांचे जुने रिव्हॉल्व्हर आणि काही काडतुसे घरच्या कपाटात आहेत. माझा भाचा परवानाधारक आहे. तो म्हणतो की मी ते घेतो आणि माझ्या परवान्यावर चढवतो, त्याबदल्यात त्याचे जुने पिस्तूल विकून येणारे पैसे मला देईल. असे करता येईल का?
— एक भगिनी, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : ताई, आपल्या दुःखात ही चिंता आपल्यावर पडावी याचे वाईट वाटते, पण आज एक काम लगेच करायला हवे. परवाना आपल्या पतींच्या नावाचा होता आणि त्यांच्या पश्चात ते शस्त्र आपल्या घरी असणे कायदेशीर राहत नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ नुसार ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. आपण स्वतः शस्त्राला हात लावण्याची गरज नाही. मृत्यूचा दाखला आणि मूळ परवाना घेऊन पोलीस ठाण्यात जावे, कपाटात काय आहे ते सांगावे आणि ते कसे आणायचे हे तेथील अधिकाऱ्यालाच विचारावे. शस्त्राचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहिलेली पावती घेतल्याशिवाय परतू नये.

भाच्याकडे ते परस्पर देऊ नका. त्याचा परवाना त्याच्या शस्त्रापुरता आहे, आपल्या पतींचे रिव्हॉल्व्हर एक दिवसही त्याच्या घरी राहिले तर दोघेही अडचणीत याल. जमा केलेले शस्त्र नंतर रीतसर विकता येते, आणि भाचा ते घेण्यास पात्र असेल तर त्याने पोलीस आयुक्तालयाची परवानगी काढून, आधी आपले पिस्तूल विकून किंवा दुसरे शस्त्र म्हणून ते घ्यावे. एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन शस्त्रे ठेवता येतात. आपला मुलगा किंवा मुलगी २१ वर्षांची असेल आणि त्यांना ते हवे असेल तर वारस म्हणून त्यांना परवान्यासाठी अर्ज करता येतो. तो अर्ज प्रलंबित असेपर्यंत शस्त्र जमाच राहील. पैशांचा व्यवहार भाच्याशी बोलण्याआधी एखाद्या विक्रेत्याकडून पावतीनिशी जमा असलेल्या त्या रिव्हॉल्व्हरची बनावट आणि स्थिती तपासून घ्या. ते परदेशी बनावटीचे निघाले तर त्याची किंमत भाच्याच्या पिस्तुलाहून बरीच जास्त असू शकते.